यादी कुठे आहे, ते आधी विचार

*नमस्कार सर,*

*मी एका जिल्हा दैनिकाची तालुका प्रतिनिधी आहे. मानधन म्हणाल तर पेट्रोलपुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वयाने तुमच्या मुलीएवढी असेन, तेव्हा अगं-तुगं केलंत तरी चालेल.*

*आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली आहे. महिन्यापूर्वी एका माजी नगराध्यक्षांनी चौकसभेत खिशातून कागद काढून फडकवला आणि म्हणाले, "गावात शिरलेल्या ३१२ घुसखोरांची यादी माझ्याकडे आहे. सगळे बोगस मतदार." मी बातमी दिली, ते बोलले तशीच, अवतरणचिन्हांत. डेस्कने मथळा दिला, 'शहरात ३१२ घुसखोर!' दुपारपर्यंत कात्रण सगळ्या ग्रुपवर फिरलं. पुढच्या सभेत आकडा साडेपाचशे झाला. तोही मी दिला.*

*मग आठवडी बाजारात बाहेरून येणाऱ्या दोन-तीन जणांना बसू दिलं नाही. स्टँडमागे गाद्या भरून देणारे एक चाचा आहेत. माझ्या जन्माआधीपासून गावात आहेत, आमच्या घरच्या गाद्या त्यांनीच भरल्यात. घरमालकाने त्यांना खोली रिकामी करायला सांगितली. ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले आणि विचारलं, "ताई, यात माझं नाव हाय का?"*

*संपादक म्हणतात, "तो बोलला, आपण छापलं. दुसरी बाजू आली की तीही छापू." वडील म्हणतात, "तुला काय करायचंय? उद्या लग्न व्हायचंय." मी ग्रुपवर नुसतं "यादी कुणी पाहिलीय का?" एवढंच विचारलं, तर मला विकाऊ ठरवून मोकळे झाले. माझ्या अर्ध्या कॉलमने काय होणार आहे? आणि खरं सांगू का सर, रात्री मलाही वाटतं, यादी खरी असली तर?*

*– एक तालुका प्रतिनिधी (नाव-गाव छापू नये)*

प्रिय सहकारी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीचं पत्र तू गावाबद्दल लिहिलं आहेस, ही ओळ मात्र स्वतःबद्दल. यादी खरी असली तर? असली तर ती मोठी बातमी आहे, आणि ती तूच द्यायला हवीस. फक्त त्यासाठी यादी लागेल. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात यादी फडकवणारा माणूस आहे, यादीला घाबरणारं गाव आहे, यादी छापणारा पेपर आहे. यादी वाचलेला एकही माणूस नाही. साडेपाचशेच्या सभेत तरी तो कागद कुणी हातात घेऊन पाहिला का?

हा प्रयोग जुना आहे. तो एकदा फार मोठ्या रंगमंचावर झाला आणि त्याची नोंद तपशिलात राहिली आहे, म्हणून तुला सांगतो.

९ फेब्रुवारी १९५०. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं व्हीलिंग शहर. रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक महिला क्लबने जेवणाचा कार्यक्रम ठेवला होता आणि वक्ता होता जोसेफ मॅकार्थी, विस्कॉन्सिनचा सिनेटर, तोवर देशाला फारसा ठाऊक नसलेला. परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट शिरलेत आणि त्यातल्या २०५ जणांची यादी आपल्या हातात आहे, असं तो म्हणाल्याची बातमी फ्रँक डेसमंड या स्थानिक वार्ताहराने दुसऱ्या दिवशी दिली. तुझ्यासारखाच माणूस, तुझ्यासारखीच बातमी. असोसिएटेड प्रेसने तिचा छोटा तुकडा देशभर धाडला. पुढच्या मुक्कामी, डेन्व्हरच्या विमानतळावर पत्रकारांनी यादी मागितली, तर ती विमानात सामानात राहिली म्हणे. तिथून सॉल्ट लेक सिटीला पोचेपर्यंत आकडा ५७ झाला. २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये भाषण करताना ८१. तुझ्या माजी नगराध्यक्षांचा आकडा निदान वाढतो तरी आहे, याचा खाली-वर होत होता आणि तरीही कुणाचं काही अडलं नाही.

आता यातला माझा आवडता भाग. २०५ हा आकडा आला कुठून? हवेतून आला नव्हता. १९४६ साली परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी एका लोकप्रतिनिधीला पत्र लिहून कळवलं होतं की, खात्यात नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यांची छाननी झाली, त्यात २८४ जणांना कायम करू नये अशी शिफारस झाली आणि त्यापैकी ७९ जणांना काढलंही. २८४ वजा ७९ बरोबर २०५. एवढीच ती यादी. चौथीतल्या पोराने पाटीवर करावी अशी वजाबाकी. पत्रात एकही नाव नव्हतं. शिफारशीची कारणं नाना तऱ्हेची होती, सगळे कम्युनिस्ट असल्याचं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. मधल्या चार वर्षांत त्यातले किती जण नोकरीत उरले, याची कुणी चौकशी केलेली नव्हती. आणि हे पत्र गुपितही नव्हतं, अमेरिकी संसदेच्या कामकाजात छापून आलं होतं. ज्या वार्ताहराने 'आकडा कुठला?' म्हणून दप्तर चाळलं असतं, त्याला ते सापडलं असतं.

माझा अंदाज आहे की तुमच्या ३१२ लाही असाच कुठला तरी बाप असणार. कदाचित मतदार यादीतली दुबार नावं. कदाचित स्थलांतरित. कदाचित एखाद्या प्रभागात पत्ता न सापडलेले मतदार. भीतीचे आकडे सहसा सपशेल खोटे नसतात. खऱ्या कागदावरून उचललेले आणि भलत्या मथळ्याखाली आणून बसवलेले असतात. म्हणून तर ते खोडायला जड जातात.

आणि त्या भीतीलाही मूळ होतं, हे विसरू नकोस. ऑगस्ट १९४९ मध्ये रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली, ऑक्टोबरमध्ये चीन माओच्या हाती गेला, जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यातला माजी अधिकारी अल्जर हिस खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला, आणि व्हीलिंगच्या भाषणाच्या आठवडाभर आधी अणुबॉम्बची माहिती रशियाला पुरवणारा शास्त्रज्ञ क्लाउस फुक्स लंडनमध्ये पकडला गेला. हेर खरोखरच होते. मॅकार्थीने पकडलेले मात्र त्यात कुणी नव्हते. साप खरा असला तरी भुई धोपटून तो सापडत नाही, एवढं वाचकाला शांतपणे सांगणारं कुणी तरी लागतं. "काही नाही हो, सगळं थोतांड आहे" असं लिहिणारा पत्रकारही इथे फसतो. गावातल्या एखाद्याला खरोखर एक बोगस मतदार माहीत असतो, आणि मग तुझी सगळी बातमीच त्याला खोटी वाटू लागते. तेव्हा थोतांड म्हणू नकोस. मोज.

मग इतके शहाणेसुरते पेपर हे छापत का गेले? तुझे संपादक म्हणतात त्याच कारणाने. सिनेटर बोलला म्हणजे बातमी, वार्ताहराने आपलं मत घालायचं नाही, दुसरी बाजू आली की ती द्यायची. हे नियम वाईट नाहीत, मी स्वतः त्यांवर वाढलो. पण मॅकार्थीला पेपरचं घड्याळ आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. डेडलाइन गळ्याशी आली की तो आरोप सोडायचा. तपासायला वेळ नाही, आणि आपण थांबलो तर दुसरी वृत्तसंस्था बाजी मारणार. सकाळी पत्रकार परिषद घ्यायची आणि तिच्यात एवढंच जाहीर करायचं की दुपारी पत्रकार परिषद आहे, असेही त्याचे किस्से त्या वेळचे पत्रकार सांगत. दोन आवृत्त्यांना दोन मथळे. खुलासा यायचा दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर, तोही संक्षिप्तमध्ये. आरोप वाचणारा आणि खुलासा वाचणारा हे दोन वेगळे वाचक असतात, हे डेस्कवर बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तरी आपण "दुसरी बाजू आली की छापू" म्हणत राहतो. कुठून येणार दुसरी बाजू? ३१२ जणांची नावंच जाहीर नाहीत, तर खुलासा कुणी करायचा? गाद्यावाल्या चाचांनी?

तुझ्या उपयोगाचं उत्तर सापडतं ते मॅकार्थीच्याच राज्यात, 'मिलवॉकी जर्नल' या दैनिकात. त्यांनी अग्रलेख तर लिहिलेच, पण खरी गंमत त्यांनी बातमीत केली. मॅकार्थीचं विधान द्यायचं आणि त्याच वाक्याच्या शेपटीला कंस टाकून त्यात नोंद करायची: हाच आरोप आधी केला तेव्हा आकडा वेगळा होता, या माणसाला चौकशीत निर्दोष ठरवलं आहे, या खात्यात ही व्यक्ती कधी नोकरीलाच नव्हती. त्याचं भाषण पूर्ण छापलं जायचं, त्याला तक्रारीला जागा नाही. पण वाचकाला आरोप आणि तपासणी एकाच घासात मिळायची. वाचायला ते कंस फार सुबक दिसत नसणार. न दिसोत.

तुला हेच करायचं आहे, कंस न टाकताही जमेल. साडेपाचशेच्या सभेची बातमी मी लिहिली असती तर साधारण अशी:

"शहरात साडेपाचशे घुसखोर असल्याचा दावा माजी नगराध्यक्षांनी रविवारच्या सभेत केला. महिन्यापूर्वीच्या सभेत त्यांनी हा आकडा ३१२ सांगितला होता. यादी पाहायला मिळावी, अशी विनंती या प्रतिनिधीने सभेनंतर केली असता 'वेळ आल्यावर दाखवू' असे उत्तर मिळाले. मतदार यादीतील नावांवर हरकत घेण्यासाठी असलेले नमुना ७ चे अर्ज या काळात किती आले, असे तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत विचारले असता …"

तिथे टिंबं आहेत कारण तो आकडा मला माहीत नाही, तुला आणायचा आहे. आणि तो जो निघेल तो. शून्य निघाला तर शून्य लिही. चाळीस निघाला तर चाळीस, आणि त्या चाळिसांचं पुढे काय झालं तेही विचार.

नमुना ७ नीट समजून घे, तुझी सगळी बातमी त्याच्यात आहे. मतदार यादीतलं एखादं नाव बोगस वाटत असेल तर मतदाराला लेखी हरकत घेता येते, त्याचा हा अर्ज. खाली सही करावी लागते की दिलेली माहिती खरी आहे, आणि ती जाणूनबुजून खोटी दिली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा माजी नगराध्यक्षांना एकच प्रश्न विचारायचा, अगदी नम्रपणे: "साहेब, तुमच्याकडे यादी आहे, तर किती नमुना सात भरले?" सभेत कागद फडकवायला काही लागत नाही, सही करायला हिंमत लागते. हेच पोलीस ठाण्यातही विचार. परदेशी नागरिकांबाबतचे गुन्हे या वर्षी किती दाखल झाले, कितींवर आरोपपत्र गेलं. निरीक्षक आकडा देणार नसतील तर माहिती अधिकार आहेच. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेव, नाही तर तेवढ्यावरूनच परत पाठवतात.

मथळ्याचं तेवढं सांगून ठेवतो. फिरतं ते कात्रण आणि कात्रणात वाचला जातो तो मथळा. रात्री नऊ वाजता जिल्हा डेस्कवरच्या उपसंपादकापुढे आठ तालुक्यांची पानं असतात, तो तुझ्या बातमीचे पहिले दोन परिच्छेद वाचून मथळा ठोकतो. म्हणून मथळा तूच लिहून पाठव. 'घुसखोरांच्या आकड्यात महिन्यात २३८ ची भर, यादी मात्र गुलदस्त्यात'. तयार मथळा मिळाला की दहातल्या सात वेळा तो तसाच लागतो. उद्गारचिन्ह नको.

तू विचारतेस, अर्ध्या कॉलमने काय होणार. भीती गावात कुठवर झिरपते ते आधी बघ. ४ जुलै १९५१, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. विस्कॉन्सिनची राजधानी मॅडिसन. 'कॅपिटल टाइम्स' या दैनिकाचा वार्ताहर जॉन पॅट्रिक हंटर एक अर्ज घेऊन बागेत गेला. लोक सहलीला आलेले. अर्जावर त्याने स्वतःचं काहीच लिहिलं नव्हतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला उतारा आणि राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांची कलमं, एवढाच मजकूर. ११२ जणांना त्याने सही मागितली. एकाने केली. कित्येकांनी उलट त्यालाच विचारलं, कम्युनिस्ट आहेस का? स्वतःच्या देशाची घटना, स्वातंत्र्यदिनी, आणि सही करायला हात धजेना. एका वार्ताहराचं एका दुपारचं काम हे. त्याला ना कॅमेरा लागला, ना दिल्लीतला सूत्र. गावाला स्वतःची भीती आकड्यात दिसली. मॅकार्थीवर झालेल्या शंभर अग्रलेखांपेक्षा मला ही बातमी मोठी वाटते.

आता चाचांकडे येतो.

१९५३ च्या शरद ऋतूत मिशिगनमधल्या डेक्स्टर या छोट्या गावी मिलो राडुलोविच नावाचा तरुण राहत होता. हवाई दलाच्या राखीव तुकडीतला लेफ्टनंट, विद्यापीठात शिकत होता. हवाई दलाने त्याला धोकादायक ठरवलं. त्याच्या स्वतःच्या निष्ठेबद्दल शंका नव्हती. ठपका होता वडिलांवर आणि बहिणीवर. वडील सर्बियातून आलेले, कोळशाच्या खाणीत आणि मग मोटारीच्या कारखान्यात राबलेले, आणि घरी सर्बियन भाषेतलं एक वर्तमानपत्र घेणारे. सुनावणी झाली, त्यात आरोपांचा पुरावा एका बंद पाकिटात होता आणि ते पाकीट उघडलंच गेलं नाही. डेट्रॉइटच्या एका पेपरात ही बातमी आली, ती सीबीएस टीव्हीच्या एडवर्ड मरो आणि फ्रेड फ्रेंडली यांच्या नजरेला पडली. त्यांनी माणसं पाठवली. ते गावात फिरले, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलले, म्हाताऱ्या बापाशी बोलले. बापाने राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं पत्र कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: स्वतःसाठी काही मागत नाही, पोराला न्याय द्या. २० ऑक्टोबर १९५३ ला कार्यक्रम दाखवला. कंपनी जाहिरात करायला तयार नव्हती, तेव्हा मरो-फ्रेंडलींनी पदरचे दीड हजार डॉलर मोजून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात दिली. पाच आठवड्यांत हवाई दलाच्या मंत्र्याने त्याच कार्यक्रमात येऊन जाहीर केलं की लेफ्टनंट राडुलोविच सेवेत राहतील.

संपूर्ण कार्यक्रमात मॅकार्थीचा काही संबंध नव्हता. त्या मुलाला मॅकार्थीने धरलंही नव्हतं. एका माणसाला एका हवेने धरलं होतं, आणि ती हवा लोकांना पहिल्यांदा एका घरात, एका बापाच्या तोंडावर दिसली. याला मी मरोचं सगळ्यात मोठं काम मानतो. लोक आठवण काढतात ती ९ मार्च १९५४ च्या कार्यक्रमाची, ज्यात त्याने मॅकार्थीचीच भाषणं, त्याच्याच तोंडची परस्परविरोधी विधानं एकापुढे एक लावून दाखवली. काम उत्तमच. पण तोवर व्हीलिंगला चार वर्षं झाली होती, बरेच पेपरवाले त्याच्या आधीपासून झगडत होते, आणि १९५० च्या अखेरीस सीबीएसने कर्मचाऱ्यांकडून निष्ठेचे फॉर्म भरून घेतले तेव्हा मरोनेही सही केली होती. मॅकार्थी खऱ्या अर्थाने उघडा पडला तो त्यानंतर, त्याच्या आणि लष्कराच्या वादावरच्या सिनेटमधल्या सुनावण्या आठवडेच्या आठवडे टीव्हीवर दिसल्या तेव्हा. २ डिसेंबर १९५४ ला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याची निर्भर्त्सना केली. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की कुणी तरी मोठा येईल आणि हे थांबवेल, या आशेवर बसू नकोस. मोठे उशिराच येतात.

तर चाचांवर बातमी करायची का? लगेच नको. राडुलोविच लढायला तयार होता, त्याला वकील होता, शिक्षण होतं. चाचांना लढायचं आहे की खोली टिकवायची आहे, हे त्यांना विचार. फोटो आणि नाव छापलंस तर सहानुभूती मिळेल, पण निनावी यादीला तू पहिला चेहराही मिळवून देशील. आपल्याकडे हे कुठवर जाऊ शकतं ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवा, बाजाराचा दिवस, आणि भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने त्यांना ठार मारलं. तिथे कुणी यादीही फडकवली नव्हती. म्हणून क्रम असा ठेव: आधी आकड्याची बातमी, गावातली हवा जरा उतरू दे, मग चाचांची परवानगी असेल तर 'गावातल्या गाद्या कोण भरतं' अशी त्यांच्या कामाची बातमी. घुसखोर हा शब्दही त्यात नको. मधल्या काळात घरमालकाला एकदा जाऊन भेट, बातमीसाठी नव्हे, गावची पोरगी म्हणून. त्याने ती यादी वाचली आहे का, एवढं विचार. तुझ्या पहिल्या बातमीपायी त्याने खोली सोडायला सांगितली असेल, तर तेवढा फेरा तुझ्या वाट्याला येतोच.

संपादकांशी तत्त्वावर वाद घालू नकोस, हरशील. ते तुझ्यापेक्षा जास्त वर्षं तत्त्वं ऐकत आलेत. त्यांना कायदा दाखव. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ दोन समाजांत तेढ वाढवणारी खोटी माहिती किंवा अफवा बोलणाऱ्याबरोबर प्रसिद्ध करणाऱ्यालाही लागू होऊ शकतं. त्यात सूट आहे ती मजकूर खरा मानायला सबळ कारण होतं आणि हेतू वाईट नव्हता, असं म्हणू शकणाऱ्याला. "तो बोलला, आपण छापलं" हे सबळ कारण होईल का, हे संपादकांनी पेपरच्या वकिलाला विचारावं. निवडणूक शाखेचा आकडा बातमीत असला तर पेपरचीच बाजू भक्कम होते. ही भाषा कुठल्याही संपादकाला कळते.

वडिलांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. तालुक्याच्या गावात पोरीला विकाऊ म्हणणाऱ्यांचा त्रास घरालाच होतो. थोडी काळजी घे. सभेचं रेकॉर्डिंग पूर्ण ठेव आणि त्याची एक प्रत गावाबाहेरच्या माणसाकडे. ग्रुपवर उत्तरं देणं आजपासून बंद, जे बोलायचं ते बातमीत. यादीचा प्रश्न एकटीने विचारू नकोस. तालुक्यातल्या बाकीच्या पेपरांच्या दोघा-तिघांशी आधी बोलून ठेव आणि पत्रकार परिषदेत प्रत्येकाने तोच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारा. स्पर्धा उद्यापासून पुन्हा चालू करा. अंगावर कुणी आलंच तर पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा कंत्राटी पत्रकारालाही लागू आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठाणे अंमलदार साधी अदखलपात्र नोंद करून तुला घरी पाठवू पाहील. पाठवू देऊ नकोस.

राहिला पैसा, ज्याबद्दल तू एकाच ओळीत लिहिलंस. या माणसाची वाढदिवसाची पुरवणी तुझ्याकडून जाते का? जात असेल तर या वर्षी जाणार नाही, हे धरून चाल. मी त्यावर मलमपट्टी करणार नाही, कमिशन बुडेल. निवडणूक होईपर्यंत कुठल्याच उमेदवाराकडे जाहिरातीला जाऊ नकोस. पतसंस्था, क्लासेस, कृषी सेवा केंद्रं, दवाखाने असे लहान गिऱ्हाईक धर. हात तंग राहील, पण सभेत प्रश्न विचारायला उभी राहिलीस की "गेल्या वर्षीचं बिल दिलंय ना तुला" असं कुणी व्यासपीठावरून म्हणणार नाही.

निवडणूक शाखेत अकरानंतर जा, सकाळी नायब तहसीलदार बैठकीत असतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पर्समध्ये ठेव. तोंडी आकडा मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज तिथल्या तिथे लिहून दे, पोच घे, आणि पोचेवर आवक क्रमांक पडल्याशिवाय टेबलापासून हलू नकोस.